बोलायच्या वर्गात गाणं कशाला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची सुट्टी संपली की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या वक्तृत्ववर्गात 'ऐका आणि सांगा' सुरू होतं. पाच शनिवार चालतं. मुलं असतात, दोन-चार आया असतात आणि एखादे निवृत्त काकाही येतात. दर वर्षी प्रश्न मात्र तेच. फोनवर, दारात चपला घालताना, बाड्यावर, म्हणजे इथल्या चौकात, गाठ पडली तर तिथेही. म्हणून एकदाचे लिहून काढले. क्रमांक दिले आहेत, कारण काही उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत.

१. काकू, वर्ग वक्तृत्वाचा आहे ना? मग गाणी ऐकण्यात पाच शनिवार का घालवायचे?

आई स्वयंपाकघरातून "अगं ए" अशी हाक मारते. एका "अगं ए"चा अर्थ असतो पान वाढलंय, दुसऱ्याचा अर्थ असतो निकाल कळलाय. शब्द तेच, आणि मूल दाराआड उभं असलं तरी ओळखतं. हे जे ओळखता येतं ते सुरावरून.

अडचण अशी की शब्दाचा अर्थ इतका पटकन कळतो की सुराकडे लक्षच जात नाही. म्हणून शब्द थोडे बाजूला ठेवून कान तयार करायचा, आणि त्यासाठी गाण्याइतकं सोयीचं दुसरं काही मला तरी सापडलेलं नाही. पाचव्या शनिवारी मुलांना त्यांचंच जुनं भाषण रेकॉर्डवर ऐकवते. "अरे, मी सगळं एकाच पट्टीत बोललोय" हे त्यांचं त्यांनाच कळतं. मी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

२. नेमकं करायचं काय असतं?

चाळीस सेकंदांचा संगीताचा तुकडा आणायचा. तो एकदा वाजवायचा, मग चार मिनिटं बोलायचं: हा तुकडा काय सांगतो आणि कशाच्या जोरावर सांगतो. शेवटी तो पुन्हा वाजवायचा. पुन्हा वाजवणं टाळू नका. तुमच्या बोलण्यानंतर ऐकणाऱ्यांच्या कानाला काही नवं लागलं का, याची परीक्षा तिथेच होते.

नियम एकच: आधी काय ऐकू आलं ते सांगायचं, काय वाटलं ते मग. पहिल्या मिनिटात सुंदर, अप्रतिम, भावपूर्ण, मंत्रमुग्ध आणि मनाला भिडणारं या शब्दांना बंदी आहे. वीसपैकी दहा गुण 'काय ऐकू आलं' याचे, पाच ते अर्थाशी जोडण्याचे आणि पाच बोलण्याचे.

३. मला गाता येत नाही, सा कुठे अन् रे कुठे ते कळत नाही. मी येऊ का?

या. गाणं शिकलेल्यांना कधी कधी जास्त जड जातं, कारण ते रागाचं नाव सांगून मोकळे होतात आणि पुढे बोलायला काही उरत नाही.

चार गोष्टी कुणालाही ऐकू येतात: वेग किती, आवाज वर चाललाय की खाली, जोर कुठे पडतो आणि थांबतात कुठे. 'बे एके बे, बे दुणे चार' आठवा. आपल्या घराघरांत पाढे एका ठरावीक चालीत म्हटले जातात. ती चाल शिकवायला कुणी गवई आला नव्हता. आकडे काढून नुसती गुणगुणली तरी ऐकणारा म्हणतो, "पाढे!" इतकं ओळखता आलं तर तुमची तयारी भरपूर आहे.

४. संगीत खरंच काही सांगतं, की आपणच मानून घेतो?

प्रश्न मोठा आहे, आणि मुलांपेक्षा मोठी माणसंच तो जास्त विचारतात.

"उद्या साडेपाचला भिंडच्या बसनं येतोय, कोपऱ्यावर थांब" हे कुठल्याही सरोदवर वाजवून सांगता येणार नाही. वस्तूचं नाव घेणं, 'नाही' म्हणणं, काल आणि उद्या वेगळे करणं, ही भाषेची कामं आहेत. संगीताला ती येत नाहीत. यायला हवीत असंही नाही. पण कुणी वाट पाहतंय, घाई झालीय, धीर सुटतोय, पुन्हा सावरतोय, ही सगळी हालचाल त्याला दाखवता येते. कशाची घाई आणि कुणाची वाट, ते ऐकणारा आपल्याकडचं भरतो.

ही हालचाल आपल्यापर्यंत पोचते ती बहुतेक तीन वाटांनी. एक वाट शरीराची, म्हणजे माणूस जसा बोलतो-चालतो तसं संगीत बोलतं-चालतं (प्रश्न ५). दुसरी सवयीची (प्रश्न ६). तिसरी खुद्द संगीताच्या आतली: पुढे काय येणार याची अपेक्षा तयार करायची, मग ती पुरी करायची किंवा लांबवायची. तिहाई हे तिचं सगळ्यात सोपं उदाहरण. एकच तुकडा तीनदा येतो आणि तिसऱ्याचा शेवट बहुधा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडतो. पहिल्या दोन वेळांतच ऐकणाऱ्याला कळतं की हा आता कुठे उतरणार, म्हणून समेच्या आधीच मान हलायला लागते. ते मान हलणं म्हणजेच अर्थ पोचला. कुठल्या शब्दाचा, असं विचारू नका.

५. म्हणजे उदास चाल जगात कुठेही उदासच वाटते का?

काही अंशी. माणूस खचला की हळू, खालच्या पट्टीत आणि कमी जोरानं बोलतो. संतापला की भराभर आणि चढ्या आवाजात. हे दतियात जसं तसंच डेन्मार्कमध्येही. २००३ मध्ये युस्लिन आणि लौक्का या दोन संशोधकांनी बोलण्यातल्या भावनांवरचे १०४ आणि संगीतवादनातल्या भावनांवरचे ४१ अभ्यास एकत्र तपासले. वेग, जोर आणि आवाजाचा पोत या खुणा दोन्हीकडे बऱ्याचशा सारख्या निघाल्या. आमच्या वर्गाचा पायाच हा आहे, म्हणून आकडे पाठ आहेत.

आपल्या संगीताचीही परीक्षा झाली आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन प्रयोगात, हिंदुस्थानी संगीताची ओळख नसलेल्या श्रोत्यांना रागांचे तुकडे ऐकवले. आनंद, दुःख आणि संताप त्यांनी ओळखले. शांत भाव मात्र त्यांना नीट पकडता आला नाही. २००९ मध्ये उलट्या दिशेनं पाहिलं गेलं: कॅमेरूनमधल्या माफा लोकांनी, ज्यांनी पाश्चात्त्य संगीत ऐकलेलं नव्हतं, त्यातले आनंदी, उदास आणि भीतिदायक तुकडे नुसत्या अंदाजानं जमेल त्याहून जास्त वेळा बरोबर ओळखले.

तेव्हा "संगीताला भाषा नसते, ते सगळ्यांना कळतं" हे ठोकळेबाज वाक्य भाषणात घालू नका. ढोबळ भाव बराचसा पोचतो. बारकावा पोचायला त्या घरात राहावं लागतं.

६. मंगलाष्टकं ऐकली की लग्नच आठवतं. हा अर्थ सुरात आहे की सवयीत?

सवयीत. याचा आम्ही दर वर्षी प्रयोग करतो आणि दर वर्षी तितकेच हसतो. बहुतेक मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडितात असतात: एका ओळीत एकोणीस अक्षरं आणि बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा. मुलांना त्याच वृत्तात आणि त्याच चालीत भाजीची यादी बसवायला सांगते. गेल्या खेपेला दोडका, कोथिंबीर, अर्धा किलो भेंडी असं करत करत एक मुलगी 'सावधान'पर्यंत पोचली आणि मागे बसलेल्या आजींनी सवयीनं अक्षता टाकायला हात उचलला. दोडक्यात मांगल्य नव्हतं. ते चालीत साठलेलं होतं, आणि चालीत ते शेकडो लग्नांनी साठवलं होतं.

राष्ट्रगीताची धून ऐकून आपण ५२ सेकंद ताठ उभे राहतो. जिला आपला देश माहीत नाही अशा बाईला तीच धून एक संथ, भारदस्त चाल वाटेल. भारदस्त वाटणं पहिल्या वाटेनं आलं, उभं राहणं दुसऱ्या. भाषणात हे दोन वेगळे करून दाखवलेत तर माझ्याकडून हात सैल सोडून गुण.

७. कोमल स्वर म्हणजे दुःख आणि शुद्ध म्हणजे आनंद, असं लिहू का?

नका लिहू. लिहिलंत तर भैरव रडका ठरेल, आणि त्यात कोमल रिषभ, कोमल धैवत (म्हणजे जरा खाली उतरवलेले रे आणि ध) असूनही तो रडका नाही.

स्वर आणि रस यांचं नातं जुनं आहे, हे खरं. नाट्यशास्त्रात पाठ्य कसं म्हणावं याविषयी सांगताना भरतमुनींनी हास्य-शृंगाराला मध्यम-पंचम, वीर-रौद्र-अद्भुताला षड्ज-ऋषभ, करुणाला गांधार-निषाद आणि बीभत्स-भयानकाला धैवत असे स्वर नेमून दिले आहेत. पण ते रंगभूमीवरच्या बोलण्यासाठी, त्या काळच्या स्वरव्यवस्थेत. आजच्या पेटीवरच्या पट्ट्यांना ते जसंच्या तसं चिकटवता येत नाही.

एकट्या स्वराला अर्थ नसतो, तो कुठे आणि कुणाच्या शेजारी येतो त्याला असतो. याचा पुरावा आपल्याच संगीतात आहे, आणि मला तो इतका आवडतो की थोडं लांबवते. मारवा, पुरिया आणि सोहनी या तिन्ही रागांत स्वर तेच: कोमल रिषभ, शुद्ध गांधार, तीव्र (म्हणजे चढवलेला) मध्यम, शुद्ध धैवत, शुद्ध निषाद. पंचम तिघांतही नाही. तरी मारवा रिषभ-धैवतावर भर देतो आणि षड्जाला टाळत राहतो. घराच्या फाटकाशी येऊन कुणी आत शिरू नये, तसं काहीसं. सूर्यास्ताच्या वेळचा राग. पुरिया गांधार-निषाद धरतो आणि खालच्या सप्तकात रमतो. सोहनी वरच्या षड्जाभोवती चमकते, तिची वेळ उत्तररात्रीची. भूप आणि देसकार यांचंही तसंच: पाच स्वर सारखे, पण भूपात वजन गांधारावर आणि देसकारात धैवतावर. एक संध्याकाळचा, दुसरा सकाळचा.

आता हे वाक्य बघा: "मीच त्याला पैसे दिले." "मी त्यालाच पैसे दिले." "मी त्याला पैसेच दिले." एका 'च'ची जागा बदलली आणि तीन वेगळी भांडणं तयार झाली. रागात ज्या स्वरावर सगळ्यात जास्त भर असतो तो वादी स्वर, तो म्हणजे असा 'च' समजा. संगीत शिकलेले याला ढोबळ म्हणतील, आणि आहेच ते ढोबळ. पण न शिकलेल्याला दार उघडून देतं.

८. वर्गात सारखं 'काकु' म्हणतात, ते तुमच्याबद्दल का?

नाही! मुलं मला म्हणतात ती काकू दीर्घ. ही काकु ऱ्हस्व, संस्कृतातली. आवाजाच्या वळणानं वाक्याचा अर्थ बदलतो, त्याला काकु म्हणतात. "तू फार हुशार आहेस" हे कौतुकही असतं आणि टोमणाही. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात.

नाट्यशास्त्रात काकु दोन प्रकारची सांगितली आहे, साकांक्ष आणि निराकांक्ष. पहिलीत वाक्य ऐकून वाटतं की अजून काही यायचंय, दुसरीत वाटतं की संपलं. आमच्याकडच्या निम्म्या वक्त्यांचा रोग इथेच आहे. मुद्दा संपला तरी आवाज वरच लटकत ठेवतात आणि टाळ्या कुठे वाजवायच्या ते कुणाला कळत नाही. गायक षड्जावर येऊन थांबतो, तसं वाक्य खाली आणून ठेवायला शिकावं लागतं. त्याच ठिकाणी आवाजाची तीन स्थानंही दिली आहेत: उर, कंठ आणि शिर. शिवाय सहा अलंकार आहेत: उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत आणि विलंबित. दूरच्या माणसाशी बोलताना उच्च, वगैरे. ही गाण्याच्या शिकवणीची यादी वाटते ना? ती बोलण्यासाठी आहे. दोन्ही वर्ग एकाच ओसरीवर भरत असणार, असं मला तरी वाटतं.

९. शब्द असलेलं गाणं आणावं की नुसतं वाद्य?

पहिल्यांदाच येत असाल तर नुसतं वाद्य. शब्द असले की मुलं कवितेचा अर्थ सांगत सुटतात आणि चाल पोरकी होते.

गाणंच आणायचं असेल तर घरी दोन गोष्टी करून बघा. शब्द काढून नुसतं गुणगुणा: काय उरतं? मग तेच शब्द दुसऱ्या कुठल्या तरी चालीवर म्हणा: काय गेलं? उरलं आणि गेलं यांतून तुमचं भाषण अर्धं तयार झालं.

१०. शब्द आनंदाचे आणि चाल उदास असेल तर खरं कोणाचं मानायचं?

कुणाचंच एकट्याचं नाही. "मी ठीक आहे" असं कुणी खोल गेलेल्या आवाजात म्हणालं तर आपण आवाजावर विश्वास ठेवतो, पण शब्द फेकून देत नाही. माणूस काही तरी झाकतोय, हा तिसरा अर्थ त्या दोन्हींच्या फटीतून येतो. गाण्यातही बहुधा तसंच. अंगाया बघा: शब्दांत बाळाचं कोडकौतुक, चाल मात्र संथ आणि खाली उतरणारी. त्यात मला नेहमी दमलेली आई ऐकू येते. तुम्हाला दुसरं काही ऐकू आलं तर प्रश्न १५ वाचा.

११. तराण्याला तर शब्दांचा अर्थच नसतो. तो घेतला तर चार मिनिटं बोलणार काय?

उलट सोपं जाईल, कारण पळवाट नाही. 'तोम', 'तनन', 'दिर दिर' यांत लक्ष फक्त व्यंजनांच्या ठोक्यांकडे, लयीकडे आणि तबल्याशी चाललेल्या झटापटीकडे जातं.

पण 'अर्थच नसतो' हे छातीठोकपणे म्हणू नका. आपल्या शेजारच्या इंदूरचे उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांचं मत वेगळं होतं. तराण्यातले बोल मुळात फारसी, सूफी भक्तीशी जोडलेले अर्थपूर्ण शब्द आहेत असं ते मानत आणि त्या दृष्टीनं तराणे गात. सगळ्या जाणकारांना हे पटलेलं नाही. भाषणासाठी तर हा वाद म्हणजे खजिनाच: अर्थ माहीत नसताना ऐकलं, मग माहीत झाल्यावर ऐकलं, कानात फरक पडला का ते सांगा.

१२. ग्वाल्हेरचे आहोत तर ग्वाल्हेर गायकीतलंच काही घ्यायला हवं का?

सक्ती नाही. रॅप आणा, पोवाडा आणा, मेळ्यातल्या झोपाळ्यापाशी वाजतं ते आणा.

पण गायकीकडून वक्त्यानं एक गोष्ट जरूर उचलावी. ग्वाल्हेर घराण्यात बंदिशीला, म्हणजे बांधलेल्या रचनेला, मोठा मान. तिचे दोन भाग, स्थायी आणि अंतरा, आधी पुरे, स्पष्ट गाऊन दाखवायचे आणि मग विस्ताराला लागायचं, ही इथली रीत. खुला आवाज आणि उगाच गूढ न करणं, हेही त्यातच आलं. चांगल्या भाषणाची बांधणी याहून वेगळी ती काय? आधी मुद्दा पुरा समोर ठेवा, मग त्याच्याशी खेळा. आमच्याकडे मुलं उलटं करतात: तीन मिनिटं आलापी, आणि मुद्दा घंटेनंतर.

हद्दू खाँ-हस्सू खाँ यांच्या या गायकीला मराठी मुलखात नेणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६), त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर, इथे लष्करात आयुष्य काढलेले कृष्णराव शंकर पंडित (१८९३–१९८९), शिवाय संगीतशास्त्रकार भातखंडे यांच्या पुढाकारानं १९१८ मध्ये इथे सुरू झालेलं माधव संगीत विद्यालय, एवढा वारसा आपल्या दारात आहे. फक्त भाषणात यांची नावं ओवून वेळ भरू नका. तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेची पानं खाल्ली की गळा सुधारतो, ही गोष्टही दर वर्षी चार जण सांगतात. पाचवे तुम्ही होऊ नका.

१३. बोलताना थांबायचं किती? थांबलं की सगळे समजतात, विसरला.

थांबण्यात आणि अडकण्यात फरक आहे, आणि तबला तो छान शिकवतो. तीनतालाच्या सोळा मात्रा. पहिली सम, नवव्या मात्रेवर 'खाली', म्हणजे तालातली रिकामी जागा. या 'खाली'च्या सुमारास डग्ग्याचा (तबल्याच्या जोडीतल्या मोठ्या, खर्जाच्या वाद्याचा) घुमार काही मात्रांपुरता नाहीसा होतो. गाणं थांबलेलं नसतं, पण पायाखालची जमीन जरा हलकी होते. घुमार परत आला की कानाला कळतं, सम आता जवळ आली. वक्त्याचा विराम असा हवा. थांबण्याआधीचं वाक्य साकांक्ष ठेवा (प्रश्न ८), म्हणजे लोक तुमच्यासोबत थांबतील. वाक्य संपवून थांबलात तर मात्र खरंच विसरल्यासारखं दिसतं. मिनिटं-सेकंद मोजू नका, टेबलाखाली बोटांनी मात्रा मोजा.

१४. भाषणामागे हळू आवाजात बासरी लावली तर परिणाम वाढेल ना?

एकदा लावली होती, मीच. एका शाळेच्या स्पर्धेत माझ्या विद्यार्थिनीचं भाषण होतं, विषय पाण्याचा. मागे संथ बासरी ठेवायची कल्पना माझी. मुलगी तावातावानं आकडे सांगत होती आणि बासरी सगळ्यांना झोपवत होती. परीक्षकांनी नंतर विचारलं, "पाणी संपतंय की आंघोळ चाललीय?" मुलगी दोन दिवस बोलली नाही माझ्याशी, आणि बरोबरच होतं तिचं.

मागचं संगीत भाषणाला आधार देत नाही, ते स्वतःचं काही तरी बोलत असतं. तुमचं आणि त्याचं जुळलं नाही तर लोक त्याचं ऐकतात. आमच्या वर्गात म्हणून बंद.

१५. दोघांनी एकच तुकडा आणला आणि अर्थ उलटे सांगितले, तर चूक कोण?

दोघं बरोबर असू शकतात आणि दोघं चूकही. मत कुठलंही चालेल, पण बोट कुठे ठेवलंत ते दाखवा: "बाविसाव्या सेकंदाला तबला थांबतो आणि एकटी सारंगी उरते, म्हणून मला ही निरोपाची जागा वाटली." दुसरा म्हणेल, त्याच जागी मला सुटल्यासारखं वाटलं. छान. जागा दोघांना सापडली. "मला तसं वाटलं म्हणजे वाटलं" याला शून्य.

१६. भाषण हिंदीत केलं तर चालेल? घरीसुद्धा आम्ही अर्धं हिंदीच बोलतो.

चालेल, अगदी. फक्त एका भाषणात एकच भाषा ठेवा. आणि मराठीत बोललात तर 'पुण्यासारखं' बोलायचा आटापिटा करू नका. आपल्या ग्वाल्हेरी मराठीला हिंदीचा हेल आहे. पुण्याच्या आत्याला फोनवर दोन वाक्यांत कळतं की पोर कुठलं. म्हणजे हेलसुद्धा काही सांगतोच की! एका मुलानं गेल्या वर्षी आजीचा फोनवरचा आणि घरातला हेल असे दोन तुकडे आणले होते. नियमात बसत नव्हतं, मी बसवलं.

१७. ४३२ हर्ट्झचं संगीत मनाला शांत करतं आणि ४४० हर्ट्झ बिघडवतं, असा व्हिडिओ आलाय. यावर बोलू का?

बोला, पण व्हिडिओ पाठ करून नको. ४४० हर्ट्झ ही पाश्चात्त्य वाद्यं जुळवायच्या 'ए' स्वराची उंची. हा आकडा १९३९ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरला, कारण सगळ्या वाद्यवृंदांची वाद्यं एकमेकांशी जुळावीत. आपल्याकडे तर षड्जाला ठरलेली उंचीच नाही. कुणी काळी एक घेतो, कुणी पांढरी चार, गळा असेल तशी. बाईंची पट्टी वेगळी, बुवांची वेगळी, आणि राग तोच राहतो. मग एका आकड्यात शांतता कुठे लपणार? हा प्रश्न विचारलात तरी भाषण झालं.

१८. आमच्या मुलाला कमी ऐकू येतं. त्यानं हा भाग सोडावा का?

सोडू नये. लय त्वचेलाही कळते. डग्ग्यावर तळवा ठेवून, लाकडी टेबलावर हात टेकवून, स्पीकरला बोटं लावून 'खाली' आणि सम ओळखलेली मुलं मी पाहिली आहेत. त्याच्यासाठी 'काय ऐकू आलं' याऐवजी 'काय जाणवलं' असा प्रश्न असतो, गुण तेच. आधी एक दिवस येऊन भेटा. कुठे बसवलं तर बरं पडेल हे त्यालाच विचारू.

१९. भाषण एआयकडून लिहून घेतलं तर?

कळतं. पहिल्याच मिनिटात बंदी असलेले शब्द सगळे येतात (प्रश्न २), आणि बाविसाव्या सेकंदाला काय झालं हे मात्र कुठेच नसतं. आई-बाबांनी लिहून दिलेलंही तसंच कळतं. त्यांनी सोबत बसून ऐकावं, लिहू नये.

२०. कुल्फीवाल्याची घंटा, टेम्पोचा हॉर्न, कुकरची शिट्टी... हे संगीत धरता येईल का?

संगीत म्हणायचं की नाही यावर माझं आणि आमच्या घरातल्यांचं एकमत नाही. वर्गात मात्र धरतो. अट एकच, त्यात काही तरी रचना हवी: पुन्हा येणं, बदलणं, थांबणं. एका नऊ वर्षांच्या मुलानं गल्लीतल्या कुल्फीवाल्याची घंटा रेकॉर्ड करून आणली होती. त्याचं म्हणणं असं: लांबून येताना घंटा एकसारखी वाजते, कारण तो कुणालाच बोलावत नसतो. घरासमोर आला की तीन ठोके आणि मध्ये थांबा, म्हणजे आता तो दाराकडे बघतोय. कुणी आलं नाही तर पुढे गेल्यावर घाईघाईनं एकदाच. "तो शेवटचा ठोका रागावलेला आहे," असं तो म्हणाला, आणि दुसऱ्यांदा वाजवल्यावर आम्हा सगळ्यांना तो रागावलेला ऐकू आला. वीसपैकी एकोणीस दिले. एक कापला, कारण कुल्फी त्यानं घेतली होती की नाही ते शेवटपर्यंत सांगितलंच नाही.